खंडेनवमीचं पिस्तूल

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात एखादं हत्यार निघालं की त्याच्या तीन कुंडल्या ठरलेल्या असतात. ते एक तर उदगीरच्या लढाईतलं असतं, नाही तर निजामानं खूश होऊन कुणा पूर्वजाला दिलेलं असतं, नाही तर रझाकाराच्या हातातून हिसकावलेलं असतं. बाजारातून विकत आणलं, वाटेत सापडलं, कुणाचं तरी राहून गेलं, असं एकही घर सांगत नाही. आमच्या घरात तर एकाच पिस्तुलाच्या तिन्ही कुंडल्या नांदत होत्या आणि ओसरीवर कोण बसलंय त्यावर त्या दिवशीची कुंडली ठरायची.

घर उदगीर तालुक्यातलं, हत्तीबेटापासून फार लांब नाही. माळवदाचं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. पिस्तूल देवघराच्या कोनाड्यात लाल फडक्यात असायचं आणि वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, बाहेर यायचं. पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाड, पहार, तलवारीचं एक मोडकं पातं आणि मधोमध ते. पूजेआधी सकाळी चिंच आणि राख घेऊन ते घासायचं काम आम्हा पोरांकडे. पितळ पिवळंधमक आणि लोखंड पांढरं झाल्याशिवाय आबा, म्हणजे आमचे आजोबा, सोडत नसत. मग हळदकुंकू, अक्षता आणि नळीच्या तोंडात झेंडूचं एक फूल. एवढं झालं की आम्हाला ते दोन्ही हातांनी धरायला मिळायचं. जड होतं. मनगट खाली जायचं.

थोरले आजोबा म्हणजे आबांचे मोठे भाऊ. त्यांची कुंडली उदगीरची. भाऊसाहेबांच्या फौजेतला एक जखमी सरदार रात्री वाड्याच्या दारात आला, पाणी प्याला, घोड्याला वैरण मागितली आणि उतराई म्हणून कमरेचं पिस्तूल देऊन गेला. हे सांगताना ते सरदाराच्या जखमेची जागाही सांगत. दर वर्षी ती थोडी सरकत असे. आमच्या भागात ही गोष्ट कुणी खोटी म्हणत नाही, कारण लढाई खरी आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरजवळ नमवलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्या विजयाला कारण झाल्या, आणि वर्ष उलटायच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, तेच भाऊ आणि तोच गारदी पानिपतावर संपले. पानिपताची जखम साऱ्या महाराष्ट्राची. उदगीरचा विजय मात्र आमच्या तालुक्याचा. तो पिस्तुलात जाऊन बसला तर नवल नाही.

दुसरी कुंडली मधल्या काकांची. ते तालुक्याच्या कचेरीत होते आणि त्यांना दरबाराचा शौक होता. निजामानं दिलं म्हणायचे. कुठल्या निजामानं, हे विचारलं की चहा मागवायचे. तिच्यावर वेळ घालवत नाही.

तिसरी आबांची, आणि ती ऐकताना आमच्या अंगावर काटा यायचा. सत्तेचाळीसला देश स्वतंत्र झाला आणि आम्ही हैदराबाद संस्थानात अडकून पडलो. तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. ज्या लातुरात आज क्लासच्या पाट्यांनी रस्ते भरलेत त्याच लातुरात कासिम रझवी वकिली करत होता. पुढे तो रझाकारांचा म्होरक्या झाला. अर्जापूरला मुक्तिलढ्यातल्या गोविंदराव पानसऱ्यांना मारलं ते त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९४६ मध्ये. आबा तेव्हा विशीत. हत्तीबेटावर राहून रझाकारांविरुद्ध लढणाऱ्या पोरांना भाकरी पोचवणं हे त्यांचं काम. उमरीची बँक लुटली ती ३० जानेवारी १९४८ ला, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. या दोन बातम्या गावात कशा एकमेकींच्या पाठोपाठ पोचल्या हे आबा दर वेळी त्याच शब्दांत सांगत. आणि शेवटी पिस्तूल. रात्री ओढ्याच्या वळणावर एक रझाकार एकटा सापडला, चौघांनी धरला, कंबरेचं काढून घेतलं, माणूस सोडून दिला.

“सोडला कसा?” आम्ही विचारायचो.

“आपण काय रझाकार हाव का?” एवढंच बोलून आबा उठायचे.

आबांची गोष्ट १३ सप्टेंबरला फौज आली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला इथं थांबायची. पुढचं काही नाही. शाळेतल्या भाषणांतही तिथंच थांबायचं, त्यामुळे ते कधी खटकलं नाही.

आबा गेले, मग थोरले आजोबा, मग काका. वाड्याची वाटणी व्हायची वेळ आली तेव्हा चुलत भावांनी ठरवलं की या पिस्तुलाचं काय करायचं ते एकदा पाहावं. मी नांदेडला असतो आणि घरातला इतिहास शिकवणारा मीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. माझी ओळख नांदेडच्या पोलीस दलातून निवृत्त झालेल्या एका आर्मररशी होती. तीस वर्षं शस्त्रागारात काढलेला माणूस. हात कायम तेलकट, बोलणं कोरडं. त्यांना गावी घेऊन गेलो. मुखेड, जांब, उदगीर अशा वाटेवर ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी तिन्ही कुंडल्या सांगत होतो. त्यांनी एकच विचारलं, “भरलेलं आहे का?”

ठासणीच्या हत्याराची पहिली तपासणी हीच. काडतुसाचं हत्यार उघडून आत बघता येतं. ठासणीचं उघडत नाही. तोंडातून दारू, वरून गोळी, वरून कागद ठासलेला, आणि ते तसंच शंभर वर्षं राहू शकतं. कोरडी राहिली तर काळी दारू म्हातारी होत नाही. म्हणून गज आत सरकवायचा, तोंडाशी येईल तिथं खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून धरायचा. टोक बुडापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. आमचं टोक तीन बोटं आधीच थांबलं.

अंगणात एकदम शांतता झाली. पोरांना आत पाठवलं. आर्मररसाहेबांनी तोंड रिकाम्या भिंतीकडे करून, नळीत थोडं पाणी सोडून, तासभर ते तसंच ठेवलं आणि मग स्क्रूसारखं टोक असलेली सळई फिरवत आतला माल बाहेर काढला. आधी आली माती, कुंभारमाशीनं आत बांधलेल्या घराची. त्या मातीखाली काळे पडलेले, एकमेकांत रुतलेले तंतू. ते बोटांवर चुरगाळून त्यांनी वास घेतला आणि पहिल्यांदा हसले. झेंडू होता. कित्येक खंडेनवम्यांची फुलं आत गेली होती आणि वरून माशीनं दार लावून घेतलं होतं.

मग खरं काम सुरू झालं. मोजपट्टी लावली: नळी साधारण नऊ इंच, तोंड सोळा-सतरा मिलिमीटरचं, आतून गुळगुळीत, पेच पाडलेले नाहीत. वजन दीड किलोच्या आसपास. चाप, त्याच्या भोवतीची पितळी कमान, दस्त्याच्या टोकाला पितळी टोपण आणि त्यात दोरी ओवायची कडी. गज नळीखाली खोबणीत, पण सुटा नाही. तोंडाशी बिजागरीनं अडकवलेला. मागे ओढून फिरवला तरी पिस्तुलापासून वेगळा होत नाही. ही एक गोष्ट पाहिली आणि आर्मररसाहेब म्हणाले, “घोडेस्वाराचं आहे.” पायदळाच्या माणसाचा गज पडला तर वाकून उचलता येतो. धावत्या घोड्यावरून पडलेला गज मागच्या खुरांखाली जातो, आणि गजाशिवाय पुढचा बार नाही.

त्यानंतर घोडा पाहिला. म्हणजे चापाचा घोडा. त्याच्या जबड्यात चकमक धरायची सोय नव्हती, पुढे रंजकेची पेटी नव्हती. तोंड पोकळ होतं, तांब्याची छोटी टोपी ज्याच्यावर बसवायची त्या टोकावर आदळणारं. उदगीरची कुंडली इथं फाटली. १७६० मध्ये हिंदुस्थानात तोड्याच्या बंदुका होत्या, गारद्यांकडे चकमकीच्या होत्या. टोपीची कल्पनाच जन्मली नव्हती. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याला पाखरं मारायचा नाद होता. चकमकीचा झोत दिसला की पाखरं उडून जायची, म्हणून त्यानं ठोक्यानं पेटणारी दारू वापरायची युक्ती शोधली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली आणि ब्रिटिश फौजेनं ती सर्रास घेतली ती १८४० च्या आसपास. भाऊसाहेबांचा सरदार आमच्या दारात पाणी प्याला असेल, नसेल. हे पिस्तूल घडवणाऱ्याच्या बापाचाही तेव्हा जन्म झालेला नसणार.

घोड्याच्या खालची लोखंडी पट्टी म्हणजे या हत्याराचं जन्मपत्र. कारखाना, साल, सरकारी ठसा, सगळं तिथं असतं. आमच्याकडे तिथं आरशासारखं गुळगुळीत लोखंड होतं. चिंच आणि राख. आर्मररसाहेब काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बघून मला माझ्या सगळ्या चुलत भावांचे हात आठवले. जुन्या लोखंडावर जो काळपट तपकिरी थर धरतो तो त्याचं रक्षण करतो आणि त्याचं वयही सांगतो. लाल, बोटाला लागणारा गंज वेगळा, तो खातो. घासताना आपण दोन्ही काढतो, आणि त्यांच्याबरोबर अक्षरंही. जाणकार लोक जुन्या हत्याराला फडकं आणि हलकं तेल याखेरीज काही लावत नाहीत. आमच्या भक्तीला पॉलिश लागत होतं.

पण पूजेनं जे पुसलं त्यातलं थोडं पूजेनंच राखलं होतं. संध्याकाळचं उन्ह तिरपं आलं तेव्हा पट्टी हळूहळू फिरवली, आणि ठशाच्या सर्वांत खोल रेघांत जुनं कुंकू अडकलेलं दिसलं. लालसर रेघ: एक शेपूट, वर वळलेली. मागच्या दोन पायांचे अर्धवट पंजे. वर कसला तरी मुकुटाचा काठ. मागल्या पायांवर उभा राहून पंजात मुकुट धरलेला सिंह, हा ईस्ट इंडिया कंपनीचा ठसा. १८०८ पर्यंत कंपनी आपल्या हत्यारांवर बदामाच्या आकाराची व्यापारी खूण मारायची. नंतर सिंह आला, आणि १८५८ मध्ये कारभार राणीकडे गेल्यावर कंपनीच्या सिंहाचं काम संपलं. सालाचे शेवटचे दोन आकडे गेले होते. टोपी आणि सिंह एकाच पट्टीवर असणं यावरून मात्र अंदाज बांधता येतो: १८४० च्या आसपास ते १८५८.

नकली असेल ही शंका मी बोलून दाखवली. जुन्या वस्तूंच्या दुकानांत अशी पिस्तुलं ढिगानं मिळतात. “नकली करणारा अक्षरं ठळक ठेवतो, साहेब. तेच तर विकायचं असतं,” आर्मररसाहेब म्हणाले. शिवाय असल्या मालात अक्षरं ठोकलेली नसतात, साच्यातून ओतलेली असतात. त्यांच्या कडा मऊ असतात. कधी व्हिक्टोरिया राणीचा मुकुट आणि खाली १८०० च्या सुमाराचं साल. राणी गादीवर आली १८३७ मध्ये. आमच्या पिस्तुलात तसं काही नव्हतं. उलट दस्ता मुळातला नव्हता. इंग्लंडमधले दस्ते अक्रोडाचे. आमचा शिसवी, इथल्याच सुतारानं केलेला, आणि पितळी टोपण बसवताना त्यानं लाकूड जरा जास्त तासलं होतं. मोडलेला दस्ता पुन्हा करून घेण्याइतकं कुणाला तरी हे हत्यार लागत होतं.

ते उडवलंही बरंच गेलं होतं. टोपी बसवायच्या जागेभोवती लोखंडात बारीक खड्डे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. टोपीतल्या दारूचे क्षार ओल धरतात आणि प्रत्येक बारानंतर तिथलं लोखंड थोडं खातात. पूजेत कितीही घासलं तरी खड्डे जात नाहीत. म्हणजे शोभेचं नाही, दरबारात तबकातून दिलेलं नाही. काकांचा निजामही इथं संपला.

मग आमच्या खेड्यात कंपनीच्या घोडेस्वाराचं पिस्तूल आलं कसं? याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानं एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली एक फौज उभी केली. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. तिनं सुरुवातीलाच आमच्या मुलखात रक्त सांडलं: हटकरांचा नायक नौसाजी यानं बंड केलं तेव्हा नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला तो १८१९ च्या जानेवारीत याच फौजेनं. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपली अंबाजोगाई, औरंगाबाद, इथं तिच्या छावण्या होत्या. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. तो खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, नळदुर्गचा मुलूखही गेला. नळदुर्ग १८६० मध्ये परत मिळाला, वऱ्हाड नाही. सत्तावन्न साली याच फौजेचं औरंगाबादचं एक घोडदळ बिथरलं, तर बाकीची फौज पुढच्या वर्षी इंग्रजांबरोबर मध्य हिंदुस्थानात लढायला गेली. १९०३ मध्ये ती हिंदुस्थानी लष्करात मिसळली आणि तिचं नाव हळूहळू विरलं.

या फौजेतले स्वार शिलेदार होते. घोडा स्वतःचा, हत्यारांचीही बरीचशी सोय स्वतःची. म्हणूनच असं एखादं पिस्तूल नोकरी संपल्यावर कोठारात जमा न होता स्वाराबरोबर घरी येऊ शकतं. पेन्शन घेऊन हे लोक मराठवाड्याच्या गावागावांत वसले. जमादार, दफेदार ही आडनावं आणि वाड्यांची नावं त्यांच्या मागे राहिली. आमच्या शेजारी एक पडका वाडा होता. त्याला गावात दफेदाराचा वाडा म्हणत. मी लहान असताना त्यात बाभळी उगवल्या होत्या आणि आम्हाला तिथं खेळायला बंदी होती. सापाचं कारण सांगत.

दिवस मावळताना आर्मररसाहेबांनी चापाच्या पितळी कमानीची आतली बाजू दाखवली. तिथं पोरांची राख पोचली नव्हती. छिन्नीच्या टोकानं कुणीतरी काही कोरलं होतं, उजवीकडून डावीकडे. मी त्याचा फोटो काढला. हे कोरीवकाम मी लहानपणीच पाहिलं होतं आणि आबांना विचारलंही होतं. “नक्षी हाय ती,” म्हणाले होते.

नांदेडला माझ्या एका मित्राचे वडील उर्दू शाळेत शिक्षक होते. फोटो बघून त्यांना क्षणही लागला नाही. वर ‘रिसाला’, खाली आकडा, ४७. रिसाला म्हणजे घोडदळाची तुकडी. कुठला रिसाला, ते लिहिलेलं नव्हतं. स्वाराला ते लिहायची गरज नव्हती.

आणि आबांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. सातबारा येण्याआधीची सगळी कागदपत्रं ते भराभर वाचायचे. म्हातारपणी चष्मा लावून हैदराबादचा ‘सियासत’ चाळायचे. त्यांना ते अक्षर नक्षी वाटणं शक्यच नव्हतं.

तरीही रझाकाराची कुंडली एवढ्यानं फाटत नाही. रझाकारांपैकी थोड्यांकडेच नवी हत्यारं होती. बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून रात्रीची विमानं आणून हैदराबाद संस्थानात हत्यारं उतरवत होता, तेव्हा बीदरचा विमानतळ आमच्यापासून फार दूर नव्हता. पण तो माल गावोगावच्या रझाकारांपर्यंत कितीसा पोचणार? तेव्हा आज्याचं टोपीचं पिस्तूल एखाद्याच्या कमरेला असणं अगदी शक्य. निकाल लागला तो आत्यामुळे.

आत्या आता ऐंशीच्या पुढे. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला पाच-सहा वर्षांची असेल. पुरुष ओसरीवर लढाया सांगत तेव्हा ती आणि माय, म्हणजे आमची आजी, आत भाकरी थापत असायच्या. तिला कुणी पिस्तुलाबद्दल कधी विचारलंच नव्हतं. मी फोटो दाखवला तसं ती म्हणाली, “ते पेवात व्हतं की. मायनं लुगड्यात गुंडाळलं व्हतं, करडीचं तेल चोपडून.”

“कव्हा?”

“पितरपाट व्हता. खीर केली व्हती, अन् जेवायला कुणी आलंच न्हाई. समदं गाव दारं लावून बसलं व्हतं.”

पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार, तोंड लहान आणि पोट मोठं. उघडलं की लगेच उतरत नाहीत. आत कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून आधी कंदील सोडून तो जळतो का ते बघतात. अशा जागी पिस्तूल लपवलं होतं, हे आमच्या घरातल्या एकाही पुरुषानं सांगितलं नव्हतं.

मी पुन्हा गावी गेलो आणि पिस्तुलाची डावी बाजू नीट पाहिली. ती पाटावर खाली यायची, म्हणून तिला घासणं कमी. तिथं नळी आणि लाकूड यांच्या सांध्यात पिवळट तपकिरी, वार्निशसारखा थर होता. करडईचं तेल हवेत हळूहळू सुकून घट्ट होतं. जवसाचंही होतं, खोबऱ्याचं होत नाही. आर्मररसाहेबांनी भिंग दिलं. त्या थरात आणि त्याखालच्या गंजात उभ्या-आडव्या रेघा उमटलेल्या होत्या, अगदी बारीक, समान अंतराच्या. कापडाची वीण. ओलसर जागी, तेलात भिजलेल्या सुती कापडात लोखंड बराच काळ पडून राहिलं तर वीण अशी लोखंडावर उतरते. सिंहाची शेपूट शोधायला मला संध्याकाळच्या उन्हाची गरज लागली होती. मायच्या लुगड्याला ती लागली नाही.

मग मी पंचांग काढलं. १९४८ च्या भाद्रपदातली पौर्णिमा १८ सप्टेंबरला होती. म्हणजे पितरपाट, पितृपक्ष, लागला तो निजाम शरण आल्यानंतर, लगेच. आबांच्या गोष्टीप्रमाणे पिस्तूल रझाकाराकडून घेतलं ते त्याच्या कितीतरी आधी. ते आधीच आपलं झालं असतं तर फौज आल्यावर, राज्य बदलल्यावर, ते पेवात लपवायचं कारण काय? तेव्हा तर आबांनी ते घेऊन गावातून मिरवलं असतं.

आत्यानं पुढचं सांगितलं ते विचारल्यावर, तुकड्यातुकड्यानं. दफेदाराच्या वाड्यातली म्हातारी रात्री परसाकडच्या दारानं आली. घरातल्या पुरुषांना हत्यार सापडलं तर मारतील म्हणून तिनं ते ओट्यात आणलं होतं. मायनं घेतलं. आबांना माहीत होतं. दोन दिवस त्या घरची बायकापोरं आमच्या कडब्याच्या गंजीमागं होती. मग ती गेली, हैदराबादला म्हणतात. घरातल्या थोरल्या पुरुषाचं काय झालं ते आत्याला विचारलं तर तिनं नुसती मान हलवली आणि दळण निवडायला घेतलं.

त्या दिवसांबद्दल आमच्याकडे बोललं जात नाही, पण लिहिलं गेलं आहे. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. फौज आली त्या कारवाईत, म्हणजे पोलीस कारवाईत, आणि तिच्यानंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मेली असा तिचा अंदाज होता, आणि सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे म्हणून तिनं चार नावं दिली: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. आमचा तालुका बीदरात होता. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी आमच्या भागात जे केलं ते मी लहानपणापासून ऐकलंय आणि त्यातलं काही खोटं नाही. आबांनी हत्तीबेटावर भाकरी पोचवल्या हेही खोटं नाही. त्याला साक्षीदार होते. पण रझाकार सोडून दिल्याची ती गोष्ट, आता वाटतं, त्यांनी त्या कडब्याच्या गंजीवरून घेतली असावी. माणूस सोडला, हे खरं. कोण, कुठून, ते बदललं. खंडेनवमीच्या दिवशी भरल्या ओसरीत शेजारणीचं हत्यार ठेवून घेतलं असं १९५० साली सांगता आलं नसतं. १९९० सालीही आलं नसतंच.

राहिला कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, पण ती लोक समजतात तेवढी सैल नाही. कालबाह्य बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, आणि तेही दुरुस्ती न करता किंवा करूनही चालवता येणार नाही असं, असेल तरच. आमच्या पिस्तुलाचं टोपी बसवायचं टोक तुटलेलं आहे आणि त्या छिद्रात कुणीतरी शिसं ओतलंय. घोड्याची स्प्रिंग मेली आहे. तरी ते दुरुस्त होऊ शकतं की नाही हे ठरवायचं काम आमचं नाही. म्हणून अर्ज तयार केला, सोबत वर्णन जोडलं: नळी, तोंड, पट्टीवरचा ठसा, बदललेला दस्ता, डाव्या बाजूचा तेलाचा थर तसाच ठेवावा अशी विनंती.

अर्जात हत्यार कुणाकडून आलं ते लिहायचं होतं. चुलत भाऊ म्हणाला, वडिलोपार्जित लिही, विषय संपला. दुसरा म्हणाला, खरं लिहिलं तर उगाच चौकशी लागेल, आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी कोण विचारतंय. वाद वाढला. आत्या आतून म्हणाली, “आपलं न्हाई म्हणून लिवा. वळखीचा मानूस कुणी हैदराबादेत असंल तर त्येलाबी इचारा.” शेवटी मी लिहिलं की १९४८ च्या सप्टेंबरात शेजारच्या दफेदारांच्या घरातून सांभाळायला आलं, परत नेलं गेलं नाही. दोघा भावांनी सही केली. तिसऱ्यानं अजून केलेली नाही. दसरा झाल्यावर बघू म्हणतो.